पोल लोडिंगचा प्रोजेक्ट नीट कसा लावायचा? १,४१२ पोल, चार माणसं, एक फाइल

वाघूरकाठ

नमस्कार मंडळी. मी जळगावची. दोन वर्षांपासून आम्ही चौघं इथे बसून पोल लोडिंगचं काम करतो. ज्यांना हे क्षेत्र नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत विजेचे खांब बहुतेक लाकडी असतात आणि त्याच खांबांवर टेलिफोन, केबल, फायबर सगळ्यांच्या तारा टांगलेल्या असतात. नवीन फायबर ओढायचं तर त्या रस्त्यावरचा प्रत्येक खांब वाढीव भार पेलेल का, हे आधी गणिताने दाखवावं लागतं. खांबाची उंची, क्लास म्हणजे ताकदीचा दर्जा, कोणती तार किती उंचीवर आणि कुठल्या दिशेला, ताण म्हणजे खांब आवरून धरणारी ताणतार कुठे दिलीय, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं, त्यावर वारा आणि बर्फ लावायचा आणि खांब किती टक्के भरला ते बघायचं.

गणित आम्हाला जमतं. अडलंय ते मांडणीत.

यंदा एकाच क्लायंटचे १,४१२ पोल आले. दर आठवड्याला सर्व्हेचे फोटो आणि मोजमापं यायची. आम्ही एकच प्रोजेक्ट केला आणि त्यात लीड, म्हणजे सॉफ्टवेअरमधले पोलांचे गट, पाडले ते आठवड्याप्रमाणे: बॅच १, बॅच २, असे बॅच १९ पर्यंत. तेव्हा सोपं वाटलं. मागच्या महिन्यात क्लायंटने एका रस्त्यावरच्या १७ पोलांचा रिपोर्ट मागितला. ते १७ पोल सहा बॅचमध्ये विखुरलेले. शोधायला अख्खा दिवस गेला. त्यात एक पोल दोनदा सापडला, बॅच ४ मध्ये आणि बॅच ११ मध्ये. एका ठिकाणी जुना ४० फुटी क्लास ४ चा खांब तसाच, दुसऱ्या ठिकाणी तो बदलून ४५ फुटी क्लास ३ सुचवलेला. आमच्याकडून गेला तो चुकीचा. मग त्यांनी सगळंच तपासलं आणि ६३ पोल परत पाठवले.

माझी टीम रात्र-रात्र जागून काम करते. त्या मुलांची मेहनत नुसत्या मांडणीपायी वाया जावी याचं फार वाईट वाटलं. तुम्ही प्रोजेक्ट कसे लावता? लीड कशावर पाडता? पोलांना नावं काय देता? एका फाइलवर चार जण कसे बसता? सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

---

अमळनेरकर

ताई, परमिट अर्जाप्रमाणे, म्हणजे खांबावर तार टांगायच्या परवानगीच्या अर्जाप्रमाणे लावा. एक अर्ज, एक प्रोजेक्ट. पैसे अर्जावर मिळतात, रिपोर्ट अर्जाचा जातो, परत येतो तोही अर्जच. आमच्याकडे तीन वर्षं हेच चालू आहे.

---

पांझराकाठ

धुळ्यात आम्हीही हेच काम करतो हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. मला वाटायचं खान्देशात आपण एकटेच!

अमळनेरकर म्हणतात ते हिशेबाला ठीक आहे, पण अर्जाची हद्द कागदावरची असते. एकाच लाइनवरचे पहिले २० पोल एका अर्जात, पुढचे २० दुसऱ्यात. दोन प्रोजेक्ट केले की विसावा आणि एकविसावा एकमेकांना ओळखत नाहीत.

---

नवखी_२२

माफ करा, अगदी प्राथमिक प्रश्न आहे. मी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. शेजारचा पोल ओळखायची गरज का पडते? गणित तर एकेका खांबाचंच असतं ना?

---

शिरपूरची

नवखी, माफी कशाला? या धाग्याचं मूळच तुझ्या प्रश्नात आहे. मी पुण्यात याच कामाचं क्यूसी, म्हणजे तपासणी, बघते, माहेर शिरपूर.

सरळ रेषेत उभा खांब घे. डावीकडे तार, उजवीकडे तार, दोन्हीकडे समजा १,००० पाउंडाची ओढ. दोन्ही ओढी एकमेकींना मारतात, खांबावर आडवा जोर जवळजवळ शून्य. आता लाइन तिथे १० अंशांनी वळली असं धर. मग उरणारा जोर म्हणजे ओढीची दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाची साइन: २ × १,००० × साइन ५ अंश, म्हणजे सुमारे १७४ पाउंड.

आता प्रोजेक्ट नेमका या खांबावर कापला आणि उजवीकडचा गाळा, म्हणजे पुढच्या खांबापर्यंतची तार, दुसऱ्या फाइलमध्ये गेला. तुझ्या फाइलमध्ये तार फक्त डावीकडे. सॉफ्टवेअरला वाटतं लाइन इथे संपली. पूर्ण १,००० पाउंड एकाच बाजूला!

त्याने खांबाचं काय होतं ते बघ. ४० फुटी खांब जमिनीत ६ फूट गाडतात (लांबीचा दहावा भाग अधिक २ फूट), वर राहतो ३४ फूट. क्लास ४ म्हणजे शेंड्याखाली २ फुटांवर २,४०० पाउंड आडवा जोर पेलणारा खांब. जमिनीपाशी त्याची ताकद २,४०० × ३२ = ७६,८०० फूट-पाउंड. ती तार २२ फुटांवर असेल तर तुझ्या खोट्या ओढीचा मोमेंट, म्हणजे ओढ गुणिले उंची, २२,००० फूट-पाउंड. कोडचे, म्हणजे तिथल्या नियमावलीचे, गुणक धरायच्या आधीच खांबाचे जवळपास २९ टक्के खाल्ले गेले, तेही प्रत्यक्षात नसलेल्या भाराने. मग धडधाकट खांब नापास होतो, तो बदलायचा खर्च कुणाच्या तरी माथी बसतो. कधी उलटंही होतं. खरोखर शेवटच्या खांबाला कुणी पलीकडे गाळा असल्याचं धरलं, तर नापास व्हायला हवा तो पास होतो. ते जास्त भयंकर.

---

नवखी_२२

आता डोक्यात बसलं. वहीत उतरवून घेतलं. मनापासून आभार ताई.

---

तारवाले_आबा

मी तुमच्या संगणकाचं काम केलेलं नाही. एरंडोल-धरणगाव भागात लाइनवर तीस वर्षं काढली, विद्युत मंडळ असल्यापासून ते २००५ ला त्याच्या कंपन्या झाल्या त्यानंतरही. पण या जळगावच्या मुलीने लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही.

लाइनची नोंद कशी ठेवायची हा प्रश्न आमच्यापुढेही होता आणि कागदावरच सोडवायचा होता. आमच्या रजिस्टरला एकच नियम. उपकेंद्रातून निघायचं आणि करंट जातो त्या दिशेने चालत जायचं. फीडरचं नाव, मग पोल एक, दोन, तीन. जिथे टॅपिंग, म्हणजे फाटा, फुटेल तिथे तिला वेगळं पान. टॅपिंगचा पोल मूळ लाइनच्याच पानावर राहील, टॅपिंगच्या पानावर फक्त "पोल ३४ वरून" एवढंच लिहायचं. एक पोल दोन पानांवर कधीही चढवायचा नाही. नवा वायरमन आला आणि कुणी फोन केला की लोहाराच्या शेताजवळ तार लोंबतेय, तर तो रजिस्टर उघडून सांगू शकायचा की हा पोल ३४ ते ४१ चा तुकडा, मधे एक डीपी आहे. कारण रजिस्टर आणि रस्ता एकाच क्रमाने चालायचे.

तुमची बॅच म्हणजे कागद कधी आला त्याची तारीख. तारखेवरून खांब सापडत नाही. खांब लाइनवर सापडतो.

दुसरं असं की, लाइन तोडायचीच झाली तर कुठेही तोडत नाहीत. कट पॉइंटवर तोडतात. जिथे दोन्हीकडच्या तारा खांबाला बांधून संपवल्या आहेत, दोन्हीकडे ताण दिलेत, मधे नुसता जंपर, म्हणजे करंट जोडणारा सैल तारेचा तुकडा आहे, तिथे. त्या खांबाच्या अलीकडची ओढ पलीकडे जात नाही. तुमची फाइल पण तिथेच तोडा.

---

पांझराकाठ

आबा, दंडवत. "रजिस्टर आणि रस्ता एकाच क्रमाने" हे आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लिहितो उद्या.

---

शिरपूरची

आबांनी जे रजिस्टरचं पान म्हटलं, स्पायडाकॅल्क या सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच लीड म्हणतात. रचना वरून खाली अशी उतरते: प्रोजेक्ट, त्यात लीड, लीडमध्ये लोकेशन म्हणजे एकेक खांबाची जागा, आणि लोकेशनमध्ये डिझाइन. लीड म्हणजे लाइन. वाघूरकाठ ताईंनी त्या खणात तारीख भरली, म्हणून नकाशावर एका लीडचे पोल गावभर पसरलेले दिसत असणार.

ओ-कॅल्क प्रो हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं थोडं वेगळं. तिथे एका खांबाची एक फाइल, त्यामुळे लीडचं काम फोल्डरने करावं लागतं आणि शिस्त पूर्णपणे तुमच्या हातात. पीएलएस-कॅडमध्ये तर मुळात लाइनच उभी करता, खांब तिच्या ओघात येतात. तिन्हीकडे आबांचा नियम चालतो.

आता डिझाइनबद्दल, कारण ६३ पोल परत यायचं मूळ मला तिथे दिसतंय. एका लोकेशनला किमान दोन डिझाइन हवीत. मेझर्ड म्हणजे आज जागेवर जे उभं आहे ते. रेकमेंडेड म्हणजे नवी तार टाकल्यावर आणि लागेल ती दुरुस्ती केल्यावर जे होईल ते. मेझर्ड एकदा तपासून झालं की त्याला हात लावायचा नाही. कितीही मोह झाला तरी नाही! मेझर्डमध्येच खांब बदलून टाकला की जागेवर काय होतं याचा पुरावा गेला. ताई, तुमच्या त्या दुहेरी पोलाच्या बाबतीत कुणीतरी बॅच ४ विसरून बॅच ११ मध्ये नवं लोकेशन केलं आणि एकीकडे मेझर्ड, दुसरीकडे रेकमेंडेड असं झालं असेल. बघा बरं.

---

वाघूरकाठ

ताई, आत्ता उघडून बघितलं. अगदी तसंच आहे. बॅच ४ मध्ये रेकमेंडेड डिझाइनच नाही, बॅच ११ मध्ये मेझर्ड नाही. एका खांबाचे दोन अर्धे भाग दोन खोल्यांत. इतके दिवस हे दिसलं नाही. तुमचे आणि आबांचे किती आभार मानू!

---

अमळनेरकर

मी माझ्या मतावर आहे. लाइनप्रमाणे लावलं की अर्जाचा रिपोर्ट काढताना परत वेचत बसा. क्लायंटला तुमच्या लाइनचं देणंघेणं नाही, त्याला अर्ज क्रमांक लागतो.

---

पांझराकाठ

भाऊ, अर्ज क्रमांक टाकून द्या असं कुणीच म्हणत नाही. लोकेशनला जोडलेल्या फॉर्ममध्ये एक रकाना अर्ज क्रमांकाचा ठेवा. रिपोर्ट काढताना त्यावर गाळून घ्या. पोल राहतो आपल्या लाइनवर, अर्ज ही त्याच्या गळ्यातली चिठ्ठी. एकाच पोलावर दोन वर्षांत दोन कंपन्यांचे अर्ज येतात तेव्हा काय करता तुम्ही? दोन प्रोजेक्टमध्ये एकच खांब, आणि पहिल्या कंपनीची तार दुसऱ्या प्रोजेक्टला माहीतच नाही.

---

अमळनेरकर

हे मात्र आमच्याकडे घडलंय. मागच्या पावसाळ्यात. पहिल्या अर्जात खांब ९१ टक्के, दुसऱ्या अर्जात ८८. दोन्ही पास. एकत्र केले असते तर नापास होता. आमच्याच टीममधल्या मुलीने पकडलं म्हणून वाचलो.

मान्य. अर्ज रकान्यात.

---

केळीवाला_रावेर

मी शेतकरी, धाकटा भाऊ याच कामात आहे, त्याच्या लॅपटॉपवर हा धागा बघितला. शेजारच्या गाळ्याचं जे ताईंनी सांगितलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून लिहितो.

आमच्याकडे मे अखेर-जूनचं वादळ म्हणजे काय ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. तोंडाशी आलेली केळी तासाभरात आडवी होते. एका वर्षी बागेच्या बांधावरून जाणारी लाइन पण पडली. सकाळी गेलो तर सात खांब एका बाजूला कललेले, आणि मोडलेला फक्त एक. तो कोपऱ्यावरचा, जिथे लाइन वळते. त्याची ताणतार जमिनीतून उपटून आली होती, टोकाला मातीचा गोळा तसाच. तो गेला म्हणून तारेने बाकीचे सहा ओढले. लाइनमन दादा म्हणाले, भाऊ, सहांचं काही चुकलं नाही, फक्त ते त्याला बांधलेले होते.

बागेत पण तसंच. झाडाला झाड दोरीने बांधतो आम्ही. कडेचं झाड नीट आवळलं नाही तर ओळ जाते.

भावाला म्हटलं, तुझ्या त्या संगणकात खांब एकेकटा ठेवू नको.

---

भुसावळ_जंक्शन

केळीवाला भाऊ, बठ्ठं खरं शे. वाचून अंगावर काटा आला.

मला एक मुद्दा जोडायचाय, लोड केसचा, म्हणजे वारा-बर्फाचा कोणता भार धरायचा त्याचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एनईएससी हा कोड चालतो, कॅलिफोर्नियात मात्र जीओ ९५. एनईएससीमध्ये हेवी, मीडियम, लाइट असे भाग आहेत. हेवीत तारेभोवती अर्धा इंच बर्फ आणि दर चौरस फुटाला ४ पाउंड वारा. लाइटमध्ये बर्फ नाही पण वारा ९ पाउंड. त्यावर पुन्हा बांधकामाची ग्रेड. रेल्वेवरून जाणाऱ्या गाळ्याला ग्रेड बी लागते, ती सगळ्यात कडक.

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये सुरुवातीलाच सगळ्या पोलांना एकगठ्ठा ग्रेड सी लावून दिली होती. मधे रेल्वे क्रॉसिंगचे दोन पोल. भुसावळात जन्म गेला माझा, घराच्या खिडकीतून मालगाड्या मोजत मोठा झालो, आणि नकाशावरचे रूळ मला दिसले नाहीत! पाठवायच्या आदल्या रात्री उपग्रह-चित्र लावून लाइनवरून सरकत गेलो तेव्हा दिसले. दोन्ही पोल ग्रेड बी ला नापास झाले.

तेव्हापासून आमचा नियम आहे. लीड तयार झाला की आधी नकाशावर पहिल्या पोलापासून शेवटच्यापर्यंत सरकत जायचं. रेल्वे, मोठा महामार्ग, नदी ओलांडणारे पोल वेगळ्या खुणेने नोंदवायचे आणि मगच लोड केस लावायची. कोडची कुठली आवृत्ती, २०१७ ची की २०२३ ची, तेही प्रोजेक्टच्या नावातच लिहायचं.

---

नवखी_२२

एक विचारू? हेच सॉफ्टवेअर आपल्या सिमेंटच्या खांबांना चालेल का?

---

तारवाले_आबा

बेटा, तत्त्व तेच. आपले पीएससी खांब आयएस १६७८ या मानकाप्रमाणे होतात. ८ मीटरचा १४० किलोचा खांब म्हणतो आपण, ते १४० किलो मोजतात शेंड्याखाली ०.६ मीटरवर. वर ताईंनी २ फूट लिहिलंय, तेवढंच झालं बघ. जमिनीत साधारण दीड मीटर. पण खांबाचा पदार्थ, तारा, वाऱ्याचा कोड सगळं आपलं भरावं लागेल. रॅबिट, वीझल या तारा त्यांच्या यादीत शोधून सापडतीलच असं नाही.

---

शिरपूरची

आबांनी यादी म्हटलं त्यावरून. लायब्ररी! खांब, तारा, इन्सुलेटर, ट्रान्सफॉर्मर यांची जी फाइल क्लायंट देतो ती. तिची तारीख लिहून ठेवत नसाल तर आजपासून लिहा. अर्धं काम जुन्या लायब्ररीवर आणि अर्धं नव्यावर झालं, तर एकाच तारेचं वजन दोन लीडमध्ये वेगळं निघतं आणि कारण सापडत नाही. लीड अर्धवट असताना लायब्ररी बदलायची नाही. नवी आली तर सगळ्यांनी थांबायचं, एकाने बदलायची, दहा पोल पुन्हा चालवून जुन्या टक्क्यांशी ताडून बघायचे, मगच पुढे. पीएलएस-कॅडवाल्यांनी काम संपलं की बॅकअप काढून ठेवावा, त्यात प्रोजेक्टबरोबर लागणाऱ्या लायब्ररी फायली पण एकत्र बांधल्या जातात. वर्षभराने उघडलं तरी तेच उत्तर येतं.

---

सावदेकर

मंडळी, नावांबद्दल कुणी बोललं नाही. मी खालीलप्रमाणे देतो आणि मला आजवर त्रास झालेला नाही.

लाइनचं लघुनाव, मग क्रमांक, मग खांबावरच्या टॅगचा नंबर. क्रमांक नेहमी तीन आकडी, ००१, ००२ असा. नुसता १, २ लिहिला की यादी १, १०, ११, २ अशी लागते आणि शेजारचे पोल यादीत दूर जातात. टॅगचा नंबर कधीच पहिला ठेवू नका. टॅग उडालेले असतात, दोन खांबांवर एकच असतो, कधी विजेचा एक आणि टेलिफोनचा दुसरा असतो. टॅग नसेल तर तसं स्पष्ट लिहा, रिकामं सोडू नका.

आणि क्रमांक दहाच्या अंतराने द्या. ०१०, ०२०, ०३०. सर्व्हेवाल्याकडून मधला खांब सुटलेला असतोच असतो. तो नंतर आला की ०२५ म्हणून बसतो, बाकीच्यांची नावं हलत नाहीत.

---

पांझराकाठ

दहाचं अंतर फार आवडलं. आम्ही ००७अ, ००७ब करायचो, त्याने रिपोर्टमध्ये गोंधळ व्हायचा.

चार जणांनी एका फाइलवर कसं बसायचं, हा ताईंचा प्रश्न राहिला. आम्ही लीड वाटून घेतो, पण कुणाकडे काय आहे हे बोलण्यात राहायचं आणि दोघं एकाच लीडमध्ये शिरायचे. संध्याकाळी एकाचं काम दुसऱ्याच्या फाइलखाली दबून जायचं. नुसत्या चॅटवरच्या निरोपांनी ते थांबलं नाही.

---

तारवाले_आबा

आमच्याकडे यासाठी लाइन क्लिअर परमिट असायचं. लाइनवर चढणारा माणूस उपकेंद्रात जाऊन सही करून परमिट घ्यायचा. ते कागद परत हातात आल्याशिवाय ऑपरेटर लाइन चालू करायचा नाही, वरून साहेबाचा फोन आला तरी. तोंडी निरोपावर लाइन चालू केल्याने माणसं गेलेली आहेत, मी त्यांच्या घरी गेलोय.

तुमच्या कामात जीव जात नाही, पण रीत तीच घ्या. जो लीड घेईल त्याने कागदावर सही करून घ्यावा, परत करताना सही करून द्यावा.

---

वाघूरकाठ

आबा, हे वाचून मी काही वेळ नुसती बसून राहिले. उद्यापासून सुरू करते.

---

अमळनेरकर

विषय निघालाच आहे तर पुढच्या थंडीत सगळे पोलवाले एकदा भेटू या का? जळगावची भरिताची वांगी, कळण्याची भाकरी, शेतात. आबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं.

---

केळीवाला_रावेर

शेत माझं. वांगी शेजारच्याची. तारीख ठरवा.

---

वाघूरकाठ

तीन आठवड्यांनी परत आले आहे. काय केलं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

पहिले चार दिवस एकही नवा पोल घेतला नाही. क्लायंटला स्पष्ट सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. सगळे १,४१२ पोल नकाशावर टाकले आणि कागदाचे मोठे ताव चिकटवून हाताने लाइन ओढल्या. ४४ पोल दुहेरी निघाले. ते एकत्र करताना प्रत्येकाचे फोटो दोघांनी मिळून बघितले, एकट्याने कुणीच नाही. मग २३ लीड झाले, प्रत्येक लाइनच्या उगमापासून सुरू होणारा. नावं सावदेकरांच्या पद्धतीने, दहाच्या अंतराने. अर्ज क्रमांक रकान्यात. रेल्वेचे आमच्याकडेही तीन पोल निघाले, भुसावळ_जंक्शन तुमच्यामुळे.

दाराशेजारी एक फळी ठोकली आहे, तिच्यावर २३ खिळे. प्रत्येक खिळ्याला त्या लीडचा पुठ्ठ्याचा बिल्ला, मागे सह्यांचा कागद. बिल्ला टेबलावर असेल तर लीड उघडायचा. घरी जाताना बिल्ला खिळ्यावर. परवा रात्री लाइट गेली, यूपीएसवर फाइल बंद करून मुलं उठली तेव्हा आमच्यातल्या सर्वांत लहान मुलाने मोबाइलच्या उजेडात आधी बिल्ला टांगला आणि मग डबा उघडला. मला फार भरून आलं.

परत आलेल्या ६३ पैकी ५८ पुन्हा दिले, स्वीकारले गेले. पाच राहिलेत आणि ते एकाच ठिकाणी अडकलेत. लीड ९ खूप लांब आहे, दोन फायली करायच्यात. आबा, तुम्ही म्हणालात कट पॉइंटवर तोडा. ९-३१० हा खांब मला तसा वाटतोय. फोटो क्लायंटचा आहे, इथे टाकता येत नाही, म्हणून वहीत हाताने चित्र काढून टाकते आहे. विजेच्या तारा दोन्हीकडून येऊन संपलेल्या आहेत, मधे जंपर आहे. डावीकडे ताण आहे. उजवीकडचा झाडामागे आहे, सर्व्हेवाल्याने "ताण आहे" असं लिहिलंय.

---

तारवाले_आबा

चित्र छान काढलंस. मोठं करून बघितलं.

विजेच्या तारांपुरतं तू म्हणतेस ते बरोबर. पण खाली ज्या दोन तारा दाखवल्यास, टेलिफोनची आणि केबलची, त्या खांबावर संपलेल्या नाहीत. क्लँपमधून सरळ पलीकडे जातात. मग त्यांची ओढ पण पलीकडे जाते. वरची लाइन इथे तुटते, खालची तुटत नाही. शिवाय उजवीकडचा ताण तू स्वतः पाहिलेला नाहीस.

हा खांब धरू नको. पुढचे खांब बघत जा, सगळ्या तारा जिथे बांधलेल्या दिसतील तिथपर्यंत.

---

वाघूरकाठ

खालच्या तारांकडे लक्षच गेलं नव्हतं. ३२० आणि ३३० वरही त्या सरळच जातात. ३४० वर चौक आहे, तिथे चारही तारा बांधलेल्या आहेत आणि दोन्ही ताण फोटोत स्वच्छ दिसतात, जमिनीत पुरलेल्या अँकरच्या दांड्यासकट.

---

तारवाले_आबा

मग ३४०. तो एकाच फाइलमध्ये ठेव, दुसरीत फक्त "३४० वरून" लिही.